परदेशचें शिक्षण व आमच्या थैल्या

2025 च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यानें राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठीं 106 विद्यार्थी निवडले, आणि त्यांपैकीं अवघ्या 40 जणांस तात्पुरतीं पत्रें दिलीं. उरलेल्या 66 जणांस असें कळविण्यांत आलें कीं, पैसा उपलब्ध झाल्यास तुमचीं पत्रें निघतील. ज्याच्या हातीं परक्या विद्यापीठाचें प्रवेशपत्र आहे आणि ज्याचें सत्र सप्टेंबरांत सुरू व्हावयाचें आहे, त्यास जुलैंत ‘पैसा असल्यास’ हें उत्तर मिळणें म्हणजे काय, हें आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगावयास नको. पेढीवर अशी हुंडी आली तर मुनीमसुद्धां ती परत करील. लिहून देणारें सरकार आहे म्हणून हुंडीची पत वाढत नाहीं.

ही शिष्यवृत्ति 1954-55 पासून चालत आलेली आहे. अनुसूचित जाति, भटक्या व विमुक्त जमाति, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या मुलांसाठीं वर्षास 125 जागा. घरचें उत्पन्न 8 लाखांच्या आंत. एवढ्या विस्तीर्ण देशांत 125! त्यांतहि 2022 सालीं अशी अट घालण्यांत आली कीं, भारतीय संस्कृति, वारसा, इतिहास व भारतविषयक समाजशास्त्र यांवर परदेशीं अभ्यास करूं इच्छिणारास ही शिष्यवृत्ति मिळणार नाहीं. कारण या विषयांचीं साधनें येथेंच विपुल आहेत. हा नियम 1916 सालीं असता, तर कोलंबिया विद्यापीठांत आंबेडकरांनीं भारतांतील जातींवर वाचलेला निबंध कोणत्या खात्यांतून मंजूर झाला असता? आपल्या समाजाकडे दुरून पाहतां येणें हाच परदेशच्या शिक्षणाचा एक मोठा लाभ आहे, आणि तोच नेमका या नियमानें वगळला आहे.

शिष्यवृत्ति देणारा बदल्यांत काय मागतो, यावरून त्याची दृष्टि कळते. वकिलीच्या नजरेनें पाहतां आपल्या इतिहासांत याचे तीन करारनामे ठळक दिसतात. पहिला बडोद्याचा. 1913 सालीं सयाजीराव महाराजांनीं आंबेडकरांस दरमहा 11 पौंड 10 शिलिंगांची शिष्यवृत्ति तीन वर्षांसाठीं दिली, आणि परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचें लिहून घेतलें. दुसरा करार श्यामजी कृष्णवर्मा व सरदारसिंह राणा यांचा. 1905 सालीं जाहीर झालेल्या त्यांच्या शिष्यवृत्त्यांची अट एवढीच कीं, घेणारानें इंग्रज सरकारची नोकरी धरूं नये. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीनें सावरकर 1906 सालीं लंडनास गेले ते यांपैकींच शिवाजी शिष्यवृत्तीवर. तिसरा जमशेटजी टाटांचा. त्यांनीं 1892 सालीं जो निधि स्थापन केला त्यांत नोकरीची अट नाहीं, राजकारणाची नाहीं. पैसा कर्जाऊ घ्या, शिका, मिळवूं लागल्यावर परत करा, म्हणजे तोच पैसा पुढच्यास देतां येईल.

यांपैकीं पहिला करार हेतूनें उदार, पण अंमलांत फसला. 1917 सालीं आंबेडकर करार पाळण्यास बडोद्यास गेले, तेव्हां शहरांत त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी खाणावळींत आसरा घेतला तेथूनहि त्यांस हुसकून लावण्यांत आलें. संस्थानानें विद्वान विकत घेतला, परंतु त्याच्या डोक्यावर छप्पर घालण्याची ताकद समाजांत निर्माण केली नाहीं. ‘आमच्या पैशानें शिकलेला मुलगा परत कां येत नाहीं?’ असें विचारणारांनीं हा प्रसंग एकदां आठवून पाहावा. आम्ही स्वतः स्वदेशीं परत येण्याच्या पक्षाचे आहों; पण ती अट करारनाम्यांत घालून पाळली जात नाहीं, त्यास येथें काम, प्रयोगशाळा आणि मान द्यावा लागतो.

आणि आंबेडकरांचा राहिलेला अभ्यास कसा पुरा झाला? सिडनेहॅम कॉलेजांत शिकवून सांठविलेला पगार, शाहू छत्रपतींचें साहाय्य, आणि नवल भथेना या पारशी मित्रानें दिलेलें 5,000 रुपयांचें कर्ज, यांवर ते 1920 सालीं पुन्हां लंडनास गेले. स्त्रियांची कथा तर याहून बोलकी आहे. पंडिता रमाबाई 1883 सालीं इंग्लंडास गेल्या त्या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीवर. त्याच वर्षीं आनंदीबाई जोशी यांस अमेरिकेंत आधार दिला तो कार्पेंटर नांवाच्या एका परक्या बाईनें. इरावतीबाई कर्वे 1928 च्या सुमारास बर्लिनास गेल्या त्या जीवराज मेहतांनीं दिलेल्या कर्जावर, आणि महर्षि कर्व्यांसारख्या सासऱ्यांची संमति नसतांना. सार्वजनिक निधीचा यांत कोठें मागमूस तरी दिसतो काय?

आजची स्थिति त्या मानानें बरी आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. महाराष्ट्र सरकारनें राजर्षि शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ति चालविली आहे. सयाजीराव महाराजांचें नांव ‘सारथी’ संस्थेच्या शिष्यवृत्तीस दिलें आहे. टाटांचा निधि अद्याप चालू आहे. पुढें राष्ट्रपति झालेले के. आर. नारायणन आणि 1957 सालीं केंब्रिजास गेलेले जयंत नारळीकर हे त्याचेच लाभार्थी. 1953 सालीं स्थापन झालेला के. सी. महिंद्र ट्रस्ट बिनव्याजी कर्ज देतो. 1976 पासून इनलॅक्स आहे. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ति दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते आणि नंतर दोन वर्षें स्वदेशीं राहण्याची अट घालते. या बहुतेकांचे अर्ज सुमारें वर्षभर आधीं करावे लागतात. निकाल लागल्यावर पेढे वांटून मग चौकशीस निघणारा पालक हमखास उशिरा पोंचतो.

दोन समजुती मात्र मोडल्या पाहिजेत. ‘जर्मनींत शिक्षण फुकट’ असें जो तो म्हणतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाहीं हें खरें. पण प्रवासाच्या परवान्यासाठीं वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो (हा 2024 चा आंकडा) गोठविलेल्या खात्यांत आधीं दाखवावे लागतात. उलट, अमेरिकेंत पीएच.डी.स घेतलेल्या विद्यार्थ्यास बहुधा विद्यापीठच फी माफ करून निर्वाहवेतन देतें, आणि हें ठाऊक नसल्यामुळें कित्येक हुशार मुलें एका वर्षाच्या महागड्या पदवीसाठीं बापाचें घर गहाण टाकतात. सरकारी बँका 7.5 लाखांच्या वर बहुधा तारण मागतात; नामांकित विद्यापीठ असल्यास कांहीं बँका सूट देतात. हप्ते शिक्षणानंतर सुरू होत असले तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढतें. जुन्या पद्धतीनें कर भरणारास त्या व्याजावर आठ वर्षें सवलत मिळते, एवढाच दिलासा. सही करणारा बाप सहकर्जदार असतो, नुसता साक्षीदार नव्हे. हें त्यास कोणी सांगत नाहीं.

म्हणून आमची सूचना टाटांच्या मार्गाची आहे. प्रत्येक व्यापारी शहरांत दहा-वीस पेढ्यांनीं मिळून फिरता निधि उभारावा. लग्नाच्या एका मांडवाचा खर्च वांचविला तरी त्याचा आरंभ होतो. निधि कर्जाचाच असावा. दानांत मुलगा मिंधा होतो आणि पैसा एकदांच कामास येतो. जातीचें नांव अर्जावर नसावें. आपल्या जातीच्या मुलास देणारे पुष्कळ आहेत, त्यांस आमचा विरोध नाहीं. पण भथेनांनीं जात पाहिली नव्हती. निर्णय मार्चअखेर व्हावा, म्हणजे प्रवासाच्या परवान्यासाठीं हातीं कागद राहील. परतफेड नोकरी लागल्यावर एक वर्षानें सुरू व्हावी. घराचें तारण मागूं नये, दोन जामीन पुरेत. सार्वजनिक न्यासाचा पैसा परदेशीं खर्च झाल्यास प्राप्तिकराच्या सवलतीचा प्रश्न उद्भवतो. यास्तव रक्कम विद्यार्थ्यास येथेंच द्यावी आणि दस्तांत तसें स्पष्ट लिहावें. असा दस्त चार पानांहून मोठा होत नाहीं, आणि त्याची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत होते.