नोकरी सांभाळून मानसशास्त्रात डॉक्टरेट : आधी हिशोब, मग अर्ज

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात फराळाच्या रांगेत एका काकांनी विचारले, "काय रे, सॉफ्टवेअर सोडून मानसशास्त्राचा डॉक्टर होणार म्हणे?" "सोडून नाही काका, सांभाळून," मी म्हटले. नंतर दोघा-तिघांनी बाजूला घेऊन चौकशी केली. तेही माझ्यासारखेच इंजिनियर, पस्तिशीच्या आसपासचे. दोन वर्षांत मला जे समजले, ते सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो.

माझे कारण घरचेच आहे. वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. काही महिन्यांनी तिचे जेवण कमी झाले, झोप उडाली. डॉक्टरांनी उदास वाटते का, असे विचारले. ती म्हणाली, "नाही हो, फक्त करमत नाही." मी त्याचे इंग्रजी करून सांगितले आणि त्यातले अर्धे हरवले. नैराश्याची 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली मराठीतही मिळते, पण आपली म्हातारी माणसे 'करमत नाही' म्हणतात तेव्हा ते तिच्यात कितपत उतरते? या प्रश्नावर रीतसर संशोधन करावे, असे मनात आले.

पहिली पायरी : पदवी देणार कोण?

सुरुवातीलाच फसता फसता वाचलो. 'अठरा महिन्यांत घरबसल्या पीएच.डी., पूर्वीचे शिक्षण कोणतेही चालेल' अशी जाहिरात पाहून मी पैसे भरायला निघालो होतो. पत्नीने एकच प्रश्न विचारला, "पदवी देणार कोण?" उत्तर मिळेना. ब्रिटनमध्ये १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्यानुसार, अधिकार नसताना ब्रिटिश पदवी देऊ करणे हा गुन्हा आहे. पदवी देण्याचा अधिकार असलेल्या संस्थांची यादी सरकारच्या संकेतस्थळावर आहे. पैसे भरण्यापूर्वी ती पाहावी.

याचा अर्थ दूरशिक्षण दुय्यम असते असा मुळीच नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू दिले. ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झाली आणि १९७१ मध्ये तिचे वर्ग सुरू झाले. मात्र भारतात परतून प्राध्यापकी करण्याचा विचार असेल तर सावध राहावे. तेथील विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाही, अर्धवेळ मात्र करता येते. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून विकल्या जाणाऱ्या ऑनलाइन पीएच.डी.बद्दल आयोगाने त्याच वर्षी इशाराही दिला होता.

दुसरी पायरी : संशोधन की उपचार?

येथेच बहुतेकांची गल्लत होते. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. नावामागे 'डॉ.' लागते, पण रुग्णांवर उपचार करणारा 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घेता येत नाही. ते नाव २००९ पासून कायद्याने संरक्षित आहे आणि त्यासाठी आज 'एचसीपीसी' या संस्थेकडे नोंदणी लागते. त्याची डॉक्टरेट वेगळी. ती साधारण तीन वर्षे पूर्णवेळ असते आणि तिचा मोठा भाग रुग्णांबरोबर, प्रत्यक्ष देखरेखीखाली काम करण्यात जातो. इंग्लंडमध्ये एनएचएस त्या काळात पगार देते, पण जागांसाठी चुरस फार. हे शिक्षण घरबसल्या होत नाही, आणि होऊही नये.

तिसरी पायरी : इंजिनियरने सुरुवात कोठून करावी?

आपल्याकडे मानसशास्त्राची पहिली पदवी नसते. त्यावर उपाय म्हणजे 'कन्व्हर्जन' एम.एस्सी. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेला हा अभ्यासक्रम काही विद्यापीठांत दूरशिक्षणाने, अर्धवेळ दोन-तीन वर्षांत करता येतो. मी सध्या त्याच्या दुसऱ्या वर्षात आहे. संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग आपल्याला सोपे जाते. अवघड जाते ते 'उत्तर एकच नसते' हे मान्य करणे!

त्यानंतर अर्धवेळ पीएच.डी. सहा-सात वर्षे धरावीत. विद्यापीठाच्या नावापेक्षा आपल्या विषयात काम करणारा मार्गदर्शक महत्त्वाचा. भेटी व्हिडिओवर होऊ शकतात, पण नैतिकता समितीची परवानगी, दरवर्षीचा प्रगती अहवाल आणि शेवटची तोंडी परीक्षा कोणालाही चुकत नाही.

पैशांचा हिशोब

२०२५-२६ साठी ब्रिटनमधल्या 'होम' विद्यार्थ्याची पूर्णवेळ पीएच.डी.ची मार्गदर्शक फी ५,००६ पौंड होती. अनेक विद्यापीठे अर्धवेळ विद्यार्थ्याकडून सुमारे निम्मी घेतात. म्हणजे सहा वर्षांचे पंधरा हजार पौंड, आणि दरवर्षीची वाढ वेगळी. परदेशी विद्यार्थ्याचा दर याच्या कित्येक पट असतो. वर्क व्हिसावर असलेल्यांना साधारणपणे तोच लागतो. कायम वास्तव्याचा परवाना लवकरच मिळणार असेल, तर थांबून मग प्रवेश घेण्यात शहाणपण आहे. कोणता दर लागू होईल, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, वास्तव्याच्या अटी पुऱ्या करणाऱ्या आणि साठ वर्षांखालील व्यक्तीस सरकारी डॉक्टरेट कर्ज मिळू शकते. २०१८ मध्ये ते सुरू झाले तेव्हा कमाल २५,००० पौंड होते, २०२५-२६ मध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ३०,३०१. परतफेड वार्षिक २१,००० पौंडांवरील मिळकतीच्या ६ टक्के. पगार ५१,००० असेल तर वर्षाला १,८०० पौंड, म्हणजे महिन्याला दीडशे. व्याज पहिल्या हप्त्यापासून चढते. घराचे कर्ज घ्यायचे असेल तर हे दीडशे पौंड त्या हिशोबात आधीच धरावेत. आम्ही नवे घर दोन वर्षे पुढे ढकलले आहे. हा निर्णय दोघांनी मिळून घेतला, तो एकट्याने घेऊ नये.

तब्येतीचा हिशोब

अर्धवेळ पीएच.डी. आठवड्याला १५ ते २० तास मागते. हे तास झोपेतून काढू नयेत. माझा नियम असा : तीन दिवस पहाटे, शनिवार पूर्ण, आणि रविवारी पुस्तकाला हात नाही. जमत नसेल तर विद्यापीठाच्या परवानगीने अभ्यासाला विराम घेता येतो. त्यात कमीपणा नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने डॉ. आंबेडकरांनाही १९१७ मध्ये लंडनमधला अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले होते. पैसे उभे करून ते १९२० मध्ये पुन्हा आले आणि १९२३ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली.

आईला मी ही सगळी योजना सांगितली. ती म्हणाली, "सात वर्षं? तोवर माझं काय व्हायचं?" प्रश्न खरा आहे. म्हणून आता दर गुरुवारी संध्याकाळी तिला आमच्याच गावातल्या दोन मराठी आजींकडे घेऊन जातो. तिघी पत्ते खेळतात. संशोधनाला वेळ लागेल, पण करमण्याची सोय आजच करता येते. आपल्याही घरी कोणी 'करमत नाही' म्हणत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. जेवण-झोप बिघडली असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, आणि आईवडिलांचे शब्द आहेत तसेच सांगा.