वस्तुसंग्रहालय आणि लोकस्मृती : ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’
केप टाउनमधील ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ ही बहुवंशीय वस्ती वर्णभेदी शासनाने ११ फेब्रुवारी १९६६ रोजी केवळ गोऱ्यांसाठी राखीव ठरविली. पुढे सुमारे ६०,००० रहिवासी विस्थापित झाले. घरे पाडली गेली. डिसेंबर १९९४ मध्ये एका जुन्या मेथडिस्ट चर्चच्या वास्तूत सुरू झालेल्या वस्तुसंग्रहालयाने भूमीवर वस्तीचा विस्तीर्ण नकाशा अंथरला. त्यावर मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू आदी समाजांतील माजी रहिवाशांनी आपापल्या घरांच्या जागा स्वहस्ते नोंदविल्या. कापडावर लिहिलेली नावे भरतकामाने चिरस्थायी करण्यात आली. घरे नष्ट झाल्यावर कोणत्या दारामागे कोण राहत होते, हे सांगणारे साधन मुख्यतः स्मृतीच उरते. म्हणूनच येथील लोककार्यक्रम हे इतिहाससाधनांच्या संकलनाचेच एक अंग होय.