माहिती जपा, पण एकाच पेटीत नको!

३१ मार्च जवळ आला की आम्हा कारकून मंडळींची झोप उडते. व्हाउचर शोधा, खतावणी जुळवा, हिशेब बंद करा. याच ३१ मार्चला २०११ पासून ‘जागतिक बॅकअप दिन’ पाळला जातो, हे आम्हांला फार उशिरा कळले. बॅकअप म्हणजे संगणकातील माहितीची जादा प्रत. ती नसली तर काय होते, ते आम्ही भोगले आहे. वाचक बंधू-भगिनींवर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगड किनाऱ्यावर आदळले. वस्तीतील कौले-पत्रे उडाले आणि घराघरांतील ट्रंकेतले कागद भिजले. शाळा सोडल्याचे दाखले, आजोबांच्या नावाचा शाळेतील उतारा, लग्नाचे फोटो, सारेच. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या पुराव्याला काय मोल असते, हे आपल्या घरांना सांगायला नको.

तेव्हा आम्ही ठरवले, वाचलेला प्रत्येक कागद स्कॅन करायचा. वर्गणी काढून बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घेतली. दोन वर्षे दर रविवारी वस्तीतल्या मुलामुलींनी कागद चढवले. म्हाताऱ्या आयाबायांना बोलते करून त्यांच्या आठवणी मोबाइलवर घेतल्या, त्याही डिस्कमध्ये ठेवल्या. मग संगणकात जागा हवी म्हणून तिथली प्रत पुसून टाकली. इथेच आम्ही चुकलो. ऑफिसात जमा-नावे अशी दुहेरी नोंद केल्याशिवाय आम्ही पुढे सरकत नाही, आणि इथे सगळ्या वस्तीची ठेव एकाच डिस्कवर सोडली!

एके दिवशी डिस्कमधून टक् टक् आवाज येऊ लागला. संगणक तिला ओळखेना. आम्ही ती पुन्हा पुन्हा काढून लावली, तेही चुकीचेच. या डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात, आणि वाचणारा हेड त्यांच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगतो. तो घासला तर नोंदी खरवडल्या जातात. म्हणून असा आवाज येताच डिस्क बंद करावी.

मुंबईच्या दुरुस्तीवाल्याने तीस हजार रुपये सांगितले, वर ‘खात्री नाही’ म्हणाला. वॉरंटीचे विचारले तर दुकानदार म्हणाला, “साहेब, डिस्क बदलून मिळेल, आतली माहिती नाही.” कागद आम्ही पुन्हा गोळा केले. पण आठवणी सांगणाऱ्या दोन आजी मधल्या काळात गेल्या. त्यांचा आवाज आता कुठेच नाही.

मग कोणत्या कंपनीची डिस्क घ्यावी? बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी लाखो हार्ड डिस्क वापरते आणि २०१३ पासून त्यांच्या बिघाडाचे आकडे जाहीर करते. २०२४ मध्ये शंभरांमागे साधारण दीड डिस्क बंद पडली. एकाच कंपनीचे एक मॉडेल चांगले टिकते, दुसरे टिकत नाही. त्या डिस्क थंड, स्वच्छ दालनात असतात. आपल्याकडे खारा वारा, दमट हवा आणि लाइटचा लपंडाव. तेव्हा नुसत्या नावावर विसंबू नये.

खरेदी करताना एवढे पाहा. फिरत्या तबकडीची डिस्क स्वस्त पडते, पण चालू असताना धक्का लागू देऊ नये. एसएसडीत फिरते भाग नसल्याने ती धक्के सोसते, मात्र वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली तर नोंदी पुसट होऊ शकतात, म्हणून अधूनमधून जोडून पाहावी. पेनड्राइव्ह ने-आण करण्यापुरता. पाच-सातशे रुपयांत ‘२ टीबी’ मिळते म्हटले की समजावे, फसवणूक आहे. असा माल जागा मोठी दाखवतो, पण थोडे भरले की पुढची माहिती वाया जाते. ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ या मोफत प्रोग्रॅमने खरी जागा तपासता येते. पक्के बिल घ्यावेच.

सगळ्यांत महत्त्वाचे, तीन-दोन-एक. प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले. अशा वेळी एकाच घरातल्या तिन्ही प्रती एकदमच बुडतील. लेकीच्या सासरी किंवा मुंबईच्या भावाकडे एक डिस्क ठेवा. कामापुरती जोडा, मग काढून ठेवा, म्हणजे संगणकातला व्हायरस तिच्यापर्यंत जाणार नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. वर्षातून दोनदा, १४ एप्रिलला आणि अशोक विजयादशमीला, दहा फायली उघडून पाहा. स्कॅन म्हणजे अस्सल कागद नव्हे, पण त्यावरचा रजिस्टर नंबर हाती असला तर नवा उतारा मागणे सोपे जाते.

एकाच प्रतीची जोखीम आपण जाणतो. बाबासाहेबांची अप्रकाशित हस्तलिखिते १९५६ नंतर वर्षानुवर्षे बंद पडून होती. १९७६ मध्ये शासनाने समिती नेमली, १९७९ मध्ये पहिला खंड निघाला. १९८७ च्या तिसऱ्या खंडात प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांतीवरचे लिखाण अपुरेच छापावे लागले, कारण काही पाने मिळालीच नाहीत.

आता आमच्या वस्तीच्या दोन डिस्क आहेत, एक गावात, एक कल्याणला. तिसरी प्रत संगणकात आहे, ती पुसायची नाही असा ठरावच केला आहे. बंधू-भगिनींनो, आपल्या घरात कोणी आजी असेल तर या रविवारी तिच्याजवळ बसा, तिचे बोलणे मोबाइलवर घ्या. आणि उठण्याआधी त्याची दुसरी प्रत करा.