गच्चीवरील बाग आणि पाण्याचा हिशेब : चेन्नईचा अनुभव

महानगरातील परसबाग ही सामान्यतः हौसेची बाब समजली जाते. चेन्नईत मात्र तिचा संबंध थेट पाण्याशी येतो. जून 2019 मध्ये पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी पुरविणारे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले व अनेक वस्त्या टँकरवर विसंबून राहिल्या. अशा शहरात गच्चीवरच्या वांग्या-टोमॅटोंना पाणी घालणे कितपत समर्थनीय आहे?

तमिळनाडूच्या फलोत्पादन विभागाने 2013-14 पासून चेन्नई व कोइंबतूर येथे गच्चीवरील भाजीपाल्यासाठी अनुदानित संच देण्यास प्रारंभ केला. लागवडीच्या पिशव्या, बियाणे, जिवाणू खते आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजेच कोकोपीट, हे त्याचे मुख्य घटक होत. मातीऐवजी भुसा देण्यामागे दोन कारणे आहेत. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. तो भार प्रत्येक गच्चीला पेलत नाही. दुसरे, हा भुसा स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो. परिणामी पाण्याच्या पाळ्या लांबतात. मात्र त्यात पोषणद्रव्ये नगण्य असतात आणि पुष्कळदा क्षार असतात. म्हणून तो धुऊन, कंपोस्ट मिसळूनच वापरावा लागतो.

कंपोस्ट विकत घेण्याची गरज नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 ने ओला कचरा घरीच वेगळा करणे बंधनकारक केले. तळाला छिद्रे असलेल्या जुन्या बादलीत भाज्यांची देठे-साले व वाळलेला पाला यांचे थर दिल्यास दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच मार्गाने स्वयंपाकघरातील कचऱ्यावर बाग उभी केली. चेन्नईतील प्रत्येक बादली कोडुंगैयूर व पेरुंगुडी येथील कचराभूमींवरचा भार तेवढाच हलका करते.

आता मूळ प्रश्न. चेन्नईत वर्षाला सरासरी सुमारे 1,400 मिलिमीटर पाऊस पडतो. एका चौरस मीटरवरील एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने 50 चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षभरात 70,000 लिटर पाणी उतरते. तमिळनाडूत 2003 पासून पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे ते उगीच नव्हे. परंतु यातील निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो आणि दोन-चार पिंपांतील साठा मे महिन्यापर्यंत पुरत नाही. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी तसेच वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी बागेस चालते. जलशुद्धीकरण यंत्राचे टाकाऊ पाणी मात्र टाळलेले बरे. किनारपट्टीवरील भूजल मुळात खारट असते आणि या टाकाऊ पाण्यात तेच क्षार अधिक दाट होतात.

सर्वांत मोठी बचत हंगामाच्या निवडीत आहे. महाराष्ट्रातील कुटुंब सवयीने जूनमध्ये बी पेरते. तमिळ शेतकरी आडी महिन्याची, म्हणजे जुलैच्या मध्याची, वाट पाहतो. भेंडी, गवार, चवळी तेव्हा पेरावी; राजगिऱ्यासारख्या पालेभाज्या महिन्याभरात काढणीस येतात. स्वयंपाकघरातील मेथी व भरडलेले धणे बियाणे म्हणून पुरेसे ठरतात. घरचे बी धरायचे असल्यास मूळ वाण संकरित नसावे, कारण त्याची पुढची पिढी एकसारखी निघत नाही. एप्रिल-मेमध्ये पिशव्या पाल्याने झाकून पडीक ठेवाव्यात व कढीपत्त्यासारखी मोजकी झाडेच जगवावीत.