हळदीच्या आधी पोचायचं

सकाळी ६.३०

रात्री उशिरा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर आलेला फोन आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा चार ओळींचा झालेला असतो. पाथर्डी तालुका, गावाचं नाव, मुलगी नववीत, लग्न उद्या दुपारी. हळद आज संध्याकाळी. गावाचं नाव इथे लिहिणार नाही. मुलाची ओळख पटेल असं काही छापायला बाल न्याय अधिनियमाच्या ७४व्या कलमाने मनाई आहे, आणि लहान गावात नुसतं गाव सांगितलं तरी मुलगी कुणाची ते कळतं.

अशी खबर देतं कोण? वर्गातली मैत्रीण, एखादे शिक्षक, अंगणवाडीताई. पुष्कळदा भाऊबंदकीतलंच कुणीतरी, बांधाच्या भांडणाचा राग लग्नावर काढणारं. आम्हाला त्याचं वावडं नाही. खबर खरी असली की झालं.

१९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून ही हेल्पलाइन सुरू झाली. पुढे वर्षानुवर्षं ठिकठिकाणच्या संस्थांनी ती चालवली, आमच्या नगरला स्नेहालयने. २०२३ पासून ती सरकारच्या महिला व बालविकास विभागाकडे आहे आणि ११२ शी जोडलेली आहे. फोन कुठूनही लागला तरी गाडी काढायची ती जिल्ह्यातल्या माणसांनीच.

सकाळी ८.००

ऑफिस. पहिला फोन पोलीस ठाण्याला, दुसरा ग्रामसेवकाला. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. सरकारने पदाचं नाव बदललं, तरी गावात ते अजून ‘भाऊसाहेब’च आहेत.

भाऊसाहेब म्हणतात, “ताई, मी आज तालुक्याला मिटिंगला आहे. आणि असलं काही माझ्या कानावर नाही.”

तेवढ्यात सहकाऱ्याने कुठून तरी लग्नपत्रिकेचा फोटो मिळवलेला असतो. आमच्याकडच्या पत्रिका म्हणजे अख्ख्या तालुक्याचं राजकारण. आजी-माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, कारखान्याचे संचालक, सगळे ओळीने. त्याच ओळीत खाली भाऊसाहेबांचंही नाव आहे, ‘आपले विनम्र’मध्ये. फोटो त्यांना पाठवून दिला. वीस मिनिटांत मिटिंग रद्द झाल्याचा निरोप आला.

पत्रिकेच्या तळाशी मंडपवाल्याचा नंबर असतो, तो मी नेहमी टिपून ठेवते. बालविवाह लावणारा, घडवून आणणारा, त्याला हातभार लावणारा, सगळ्यांना २००६ च्या कायद्याने २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बापाला हे सांगून फार उपयोग होत नाही, तो तेव्हा वेगळ्याच ओझ्याखाली असतो. मंडपवाल्याला सांगितलं की तो मुकाट्याने बांबू सोडायला येतो.

सकाळी ९.१५

करंजी घाट. १७,०४८ चौरस किलोमीटरचा, राज्यात सगळ्यांत मोठा जिल्हा आणि १४ तालुके. २०२४ मध्ये नाव अहिल्यानगर झालं, अंतरं तेवढीच राहिली. एका टोकाला अकोल्याचे आदिवासी पाडे, दुसऱ्या टोकाला जामखेड. दोन्हीकडे एकाच दिवशी लग्न निघालं तर कुठलं गाठायचं हे ठरवणं हेच त्या दिवसाचं काम होऊन बसतं.

एप्रिल आमच्यासाठी वाईट. कारखान्यांचे पट्टे पडलेले असतात, पाथर्डी-शेवगाव-जामखेडच्या ऊसतोड टोळ्या घरी परतलेल्या असतात, हातात थोडे पैसे असतात आणि पुढे अक्षय तृतीया. ही लग्नं रीत म्हणून होतात असं शहरातले लोक समजतात. रीत आहेच, पण त्यामागे हिशेब जास्त आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात, लग्न झालं की तो पुरा होतो. आणि मुलीच्या बापापुढे प्रश्न वेगळाच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात घराला कुलूप लावून कारखान्यावर जायचं, तर वयात आलेली पोर ठेवायची कुणाच्या भरवशावर? फडावर कोपीला दार नसतं. गावात म्हातारी आजी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. जवळपास पाचात एक.

सकाळी १०.३०

आधी मुलीच्या घरी नाही, शाळेत. उन्हाळ्यात शाळा सकाळची. साडेअकराला कुलूप लागलं की जनरल रजिस्टर कपाटात आणि कपाटाची चावी मुख्याध्यापकांच्या खिशात, त्यांच्या गावी.

हे रजिस्टर मोठ्या पाटाएवढं, कडा खाकी कापडाने शिवलेल्या. अनुक्रमांक, नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, मग जन्मतारीख दोनदा, अंकी आणि अक्षरी. या अक्षरी तारखेवर माझी सगळी नोकरी चालते. आकड्यात खाडाखोड करता येते, ‘एक जून दोन हजार…’ अशी निळ्या शाईतली ओळ खोडली की दिसते.

एक जूनच. पान उलटत गेलं तर एका पानावर निम्म्या मुलांचा जन्म १ जूनचा. शाळेत घालताना घरच्यांना तारीख ठाऊक नसायची, गुरुजी पहिलीच्या वयात बसेल अशी तारीख टाकायचे. म्हणून लग्नघरी हमखास ऐकायला मिळतं, की जून खोटा आहे, पोरगी खरी मोठी आहे. असेलही. पण वय ठरवायचा क्रम कायद्यात घालून दिलेला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधारकार्ड यात कुठेच नाही. अलीकडे लग्नाआधी आधारवर वय वाढवून आणण्याची टूम निघाली आहे. आधार हा वयाचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

गुरुजी उतारा द्यायला कचरतात. “ताई, मला याच गावात नोकरी करायचीय.”

“पत्र आमचं आहे गुरुजी, तुम्ही फक्त मागितलेली नक्कल देताय.” शिक्का बसतो. पंधरा वर्षं, दहा महिने.

दुपारी १२.००

दारात मांडव, जात्यावर हळकुंडं, बायका ओव्या म्हणता म्हणता थांबल्या. गणवेशातले पोलीस मी बांधापलीकडे थांबवते. ते आधी आत शिरले की बोलणं संपतं आणि रडणं सुरू होतं.

संध्याकाळच्या आत का पोचायचं, हे सांगते. हळद लागली की घरच्यांच्या लेखी लग्न झालंच. मग “अंगाची हळद उतरवून पोरीला कुठं नेता?” याला गावात कुणाकडे उत्तर नसतं, आमच्याकडेही नसतं. दुसरं कारण कायद्यातलं. बालविवाह एकदा लागला की तो आपोआप रद्द होत नाही. मुलीला स्वतः कोर्टात जाऊन तो रद्द करून घ्यावा लागतो, अठरा पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. पदरात पोर घेऊन कोण जातं? लग्नाआधी कोर्टाचा मनाई हुकूम आणला आणि तरीही लग्न लावलं, तर मात्र ते मुळातूनच बेकायदा ठरतं. आणि लग्नाने नवऱ्याला सूट मिळत नाही. अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा गुन्हाच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे सोळाव्या वर्षी दिवस गेलेली मुलगी दवाखान्यात आली की डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं, नवऱ्यावर पोक्सो लागतो, आणि त्या धास्तीने घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. तिथे जीव जातात.

बाप शांत माणूस. शाळेचा उतारा हातात घेऊन उलटसुलट पाहतो.

“ताई, तुमचं समदं खरं. आमी दिवाळीनंतर कारखान्यावर गेलो म्हंजे हिला संबाळणार कोण? तुमी येणार?”

“दादा, वसतिगृह आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठीच आहे, फॉर्म मी भरून देते.”

“गेल्या साली बी भरला व्हता.”

यावर मी काही बोलत नाही. फॉर्म भरला होता हे खरंच असणार.

आजी मधेच म्हणते, “माझं बाराव्या वर्षी झालं, काय झालं मला?” तिला सात बाळंतपणं झाली, तीन पोरं जगली, हे सुनेने पाणी देताना हळूच सांगितलं.

मुलीशी आत, एकटीशी बोलायचं असतं. ती आधी एकच विचारते, “फोन कुणी केला ते कळणार का?” नाही म्हटल्यावर खांदे सैल पडतात. मैत्रिणीला सांभाळून घ्यायचं होतं तिला. भूगोलाचा पेपर राहिलाय, असंही सांगते.

मग जबाब, पंचनामा, आईवडिलांचं हमीपत्र, भाऊसाहेबांची सही. मंडपवाला येऊन थांबलेला आहेच.

दुपारी ४.००

नगर, बाल कल्याण समिती. अध्यक्ष आणि चार सदस्य, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार. मूल ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत इथे हजर करावं लागतं. आमची मुलगी आईला चिकटून बसली आहे. समितीने दोघींशी वेगवेगळं बोलून आदेश दिला, की अक्षय तृतीया होईपर्यंत बालगृहात, शाळेने पेपर नंतर घ्यावा. हमीपत्रावर भिस्त ठेवली तर मंडप इथला उतरतो आणि रात्रीतून मामाच्या गावी, बीड जिल्ह्यात, उभा राहतो. हे झालेलं आहे.

बाकावर शेजारी एक मुलगा. साधारण अकराचा, पारनेरच्या माळावर मेंढरांमागे सापडलेला. घर पश्चिमेला, घाटाकडे, कातकरी पाड्यावर. किती दिवस होतास विचारलं तर “दोन पावसाळे” म्हणतो.

मेंढपाळांकडे मुलं अशी वेठबिगार ठेवली जातात हे २०२२ साली महाराष्ट्राला कळलं. इगतपुरी तालुक्यातली एक कातकरी मुलगी मरणासन्न अवस्थेत तिच्या झोपडीसमोर आणून टाकली होती. नाशिकच्या रुग्णालयात ती गेली. तिला आमच्या जिल्ह्यातल्या मेंढपाळाकडे कामाला ठेवलेलं होतं. श्रमजीवी संघटनेने पाठपुरावा केला तेव्हा संगमनेर-पारनेर भागात अशी आणखी मुलं सापडत गेली. सौदा ठरलेला असायचा, वर्षाचे काही हजार रुपये आणि एखादी मेंढी. १९७६ पासून वेठबिगारी कायद्याने बंद आहे. पण ही मुलं लपवून ठेवलेली नव्हती. कळपामागून रस्त्याने चालत होती, हायवेवर आपण गाड्या थांबवून कळप जाऊ देतो तेव्हा काठी घेऊन सगळ्यांत मागे जे पोर असतं, ते. नगरकर म्हणून मला त्याची लाज वाटते.

मुलगा समितीपुढे एकच प्रश्न विचारतो, “माझी मेंढी देतील का?” दोन वर्षांची त्याची कमाई ती. सदस्यबाईंनी ते थकीत मजुरी म्हणून लिहून घेतलं. प्रांतांकडून वेठबिगार मुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं तर पुनर्वसनाची मदत निघते. आई विधवा आहे, म्हणून बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपयेही मिळू शकतात. त्यासाठी रेशनकार्ड, रहिवासी दाखला, बँक खातं लागतं. पाड्यावर यातलं काय असतं? पोर परत कळपामागे जातं ते याच कागदांपायी.

सायंकाळी ६.३०

शिर्डीहून फोन. मंदिराच्या रस्त्यावर भाविकांच्या कपाळाला टिळा लावून पैसे मागणारी दोन भावंडं, रात्रीच्या गाडीने कुणीतरी घेऊन चाललंय. मुलांना भीक मागायला लावणाऱ्याला बाल न्याय कायद्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साईनगर स्टेशनवर रेल्वे पोलिसांना सांगितलं, तिथली सहकारी पोचली. ती माणसं मुलांचे मामा-मामी निघाली. खरंच मामा-मामी आहेत की नाहीत, ते उद्या.

रात्री ८.३०

अहवाल. आढाव्याच्या तक्त्यात एक रकाना असतो, ‘रोखलेले बालविवाह’. त्यात आजचा एक वाढला. या रकान्यावर माझा विश्वास नाही. लग्न आज थांबलं, मुलगी अठराची व्हायला दोन वर्षं दोन महिने आहेत आणि त्यात दोन दिवाळ्या येतात, म्हणजे दोनदा टोळी निघणार. तेव्हा ती कुठे होती, हे विचारणारा रकाना तक्त्यात नाही. मी माझ्या डायरीत सप्टेंबरच्या पानावर गावाचं नाव आणि ‘वसतिगृह?’ एवढं लिहिते. असली पानं बरीच झाली आहेत. सगळ्यांकडे जाणं होत नाही, कारण तेवढ्यात नवीन लग्न निघालेलं असतं. आमच्यासारखी आणखी माणसं आणि तालुक्याच्या ठिकाणी खरोखर उघडी असलेली वसतिगृहं, एवढं मिळालं तरी निम्मे मांडव पडणारच नाहीत, असं माझं मत आहे.

वाचणाऱ्यांना एकच सांगणं. लग्नाच्या आदल्या रात्री फोन करू नका, सुपारी फुटली की करा. १०९८, दिवसरात्र, फुकट. तुमचं नाव सांगायची गरज नाही. गाव आणि वस्ती, मुलीची शाळा आणि इयत्ता, लग्नाची तारीख आणि जागा, एवढं सांगा. पत्रिका हाताशी असेल तर तिचा फोटो जपून ठेवा. आणि रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला तर हॉर्न वाजवण्याआधी मागे कोण चाललंय तेही बघा. शाळेच्या वयाचं पोर दिसलं तर नंबर तोच.