चुंबकीय निरोधन : संज्ञा आणि इलेक्ट्रॉनांचे वर्तन

'निरोधक' म्हटले की काच, चिनी माती, रबर असा एखादा पदार्थ डोळ्यांपुढे येतो. अशा पदार्थात मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतात, म्हणून विद्युत्प्रवाह वाहत नाही. अतिशक्तिमान सूक्ष्मतरंग-नलिकांच्या संदर्भात 'चुंबकीय निरोधन' ही संज्ञा योजतात, तेव्हा मात्र तेथे असा पदार्थ नसतो. ऋणाग्र व धनाग्र यांच्यामध्ये निर्वात असतो आणि ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन मुबलक बाहेर पडत असतात. मग निरोध होतो तो कशाचा?

विद्युत्क्षेत्र इलेक्ट्रॉनाला धनाग्राकडे ओढते. त्याच्याशी काटकोनात चुंबकीय क्षेत्र असल्यास इलेक्ट्रॉनाचा मार्ग वळतो. क्षेत्र पुरेसे प्रबळ असल्यास तो धनाग्रास न शिवता माघारी फिरतो. या सीमेचे विवेचन आल्बर्ट हल यांनी १९२१ मध्ये समाक्ष दंडगोलांच्या संदर्भात केले. दोन सपाट अग्रांत १ सेंटिमीटर अंतर व ५११ किलोव्होल्ट दाब असल्यास ती सुमारे ०.३० टेस्ला येते. या दाबाखाली इलेक्ट्रॉन मिळवू शकेल ती गतिज ऊर्जा त्याच्या स्थिर वस्तुमानाच्या ऊर्जेइतकी असते. म्हणून सापेक्षता सिद्धांत येथे टाळता येत नाही. न्यूटनीय यामिकीने ०.२४ टेस्ला हे उत्तर येते, आणि तेवढे क्षेत्र निरोधनास अपुरे पडते.

परंतु माघारी फिरणे म्हणजे थांबणे नव्हे. दोन्ही क्षेत्रांच्या संयुक्त प्रभावाने इलेक्ट्रॉन ऋणाग्रालगत आडवे वाहू लागतात. या वहनाचा वेग विद्युत्क्षेत्र भागिले चुंबकीय क्षेत्र इतका असतो. वरील उदाहरणात क्षेत्र सीमेच्या दुप्पट ठेवले आणि इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा परिणाम उपेक्षिला, तर हा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे २९ टक्के भरतो.

या आडव्या वहनातच मॅग्नेट्रॉनचे मर्म आहे. १९४० मध्ये बर्मिंगहॅम येथे रँडल व बूट यांनी धनाग्रात अनुस्पंदी पोकळ्या कोरल्या. त्यांच्यालगत फिरणाऱ्या तरंगाचा वेग इलेक्ट्रॉनांच्या वेगाशी जुळला, की इलेक्ट्रॉन आपली स्थितिज ऊर्जा तरंगाला देत धनाग्राकडे सरकतात व त्यांचे चाकाच्या आऱ्यांसारखे पुंज बनतात. यास लागणारा किमान दाब बुनेमान व हार्ट्री यांच्या नावाने ओळखला जातो. हा दाब व हल यांची सीमा यांच्या दरम्यान नलिका चालते. तेव्हा निरोधन असूनही धनाग्रास पोहोचणारा प्रवाह हा दोष नसून तेच नलिकेचे कार्य होय. १९७६ मध्ये बेकेफी व ऑर्झेचोव्स्की यांनी सापेक्षतावादी मॅग्नेट्रॉनातून याच तत्त्वावर शेकडो मेगावॅटांहून अधिक शक्तीचे स्पंद मिळविले.

उलट, अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या 'झेड' यंत्रातील वाहिन्यांत अशी गळती म्हणजे निव्वळ हानी. तेथे बाहेरचे चुंबक नसतात. दोन कोटी अँपिअरांहून अधिक असा प्रवाहच आपल्या क्षेत्राने स्वतःचे निरोधन करतो. स्पंदाच्या आरंभी प्रवाह थोडा असल्याने ते सिद्ध झालेले नसते, आणि त्या क्षणी इलेक्ट्रॉन पलीकडे निसटतात.

'निरोधक' हा शब्द कर्तृवाचक, तर 'निरोधन' क्रियावाचक आहे. प्रस्तुत साधनांत निरोधक असा पदार्थ नाही. निरोधन ही क्रिया तेवढी आहे. ती क्षेत्र टिकेपर्यंतच टिकते, आणि ती इलेक्ट्रॉनांची गती थांबवीत नाही, तिची दिशा बदलते. एवढा विवेक राखल्यास संज्ञा दिशाभूल करणार नाही.