टिचकीचा तराजू कोणाच्या हाती?

वृत्तपत्रातील जाहिरातीचा हिशेब सोपा असतो. किती स्तंभ, किती सेंटिमीटर आणि कोणते पान यांवर दर ठरतो. ती किती जणांनी वाचली यावर नव्हे. इंटरनेटने हा हिशेब बदलला. १९९८ साली अमेरिकेतील ‘गोटू’ या शोधसेवेने जाहिरातीवर पडणाऱ्या प्रत्येक टिचकीमागे, म्हणजे क्लिकमागे, पैसे आकारण्याची पद्धत रूढ केली. २००२ मध्ये गूगलने ती स्वीकारली आणि २००३ मध्ये ‘अ‍ॅडसेन्स’ ही योजना काढून लहानात लहान संकेतस्थळाच्या प्रकाशकालाही या बाजारात गाळा मिळवून दिला. जाहिराती गोळा करण्यासाठी प्रतिनिधी नेमायला नको, बिलांच्या वसुलीसाठी खेटे घालायला नकोत. प्रकाशकाने पानावर जागा द्यावी, कंपनीने तेथे जाहिरात लावावी आणि मिळकतीचा वाटा प्रकाशकाकडे पाठवावा, अशी ही व्यवस्था. २०१४ च्या डिसेंबरात तिच्यात हिंदीला प्रवेश मिळाला आणि पुढे मराठीलाही.

परंतु जेथे टिचकीला किंमत आली, तेथे खोटी टिचकीही आली. कोणी लोभापायी स्वतःच्याच पानावरील जाहिराती दाबतो. कोणी व्यापारी प्रतिस्पर्ध्याचा जाहिरातखर्च फुकट घालवण्यासाठी त्याच्या जाहिरातीवर टिचक्या मारत बसतो. २००४ च्या मे महिन्यात ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने भारतात गृहिणी व पदवीधर फावल्या वेळात पैसे घेऊन अशा टिचक्या मारत असल्याचे वृत्त दिले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस गूगलचे तत्कालीन वित्तप्रमुख जॉर्ज रेयेस यांनी हा प्रकार इंटरनेटच्या अर्थव्यवस्थेपुढील सर्वांत मोठा धोका असल्याचे बोलून दाखवले. २००६ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या न्यायालयात जाहिरातदारांनी लावलेल्या दाव्यात गूगलने ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली.

या साऱ्या चर्चेत जाहिरातदाराचे नुकसान ठळकपणे पुढे येते आणि ते खरेही आहे. प्रकाशकाची बाजू मात्र क्वचितच मांडली जाते. त्याच्या दृष्टीने खोटी टिचकी हे दुधारी शस्त्र आहे. त्याच्या पानावरील जाहिरातीवर कोण टिचकी मारतो, हे त्याला दिसत नाही आणि मारणाऱ्याचा हातही तो धरू शकत नाही. एखाद्या हितशत्रूने त्याच्याच पानावर खोट्या टिचक्यांचा पाऊस पाडला, तर संशय येतो तो प्रकाशकावर. मग मिळकतीतून कपात होते. प्रसंगी खातेच बंद होते. अपील करता येते, पण ते ऐकतेही तीच कंपनी. कोणत्या टिचक्या, कोणत्या दिवशी आणि कोणत्या कारणाने अवैध ठरल्या, याचा तपशील बहुधा मिळत नाही. लबाडाला शासन झालेच पाहिजे. पण चोर सोडून संन्याशाला सुळी दिले जात नाही ना, हे पाहणार कोण?

हा प्रश्न केवळ काल्पनिक नाही. खाती बंद करताना गूगलने प्रकाशकांची देय रक्कम अडवून ठेवली, अशी तक्रार करणारा सामूहिक दावा २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झाला. २०१८ मध्ये १ कोटी १० लाख डॉलरच्या तडजोडीवर तो मिटला. कापलेली रक्कम जाहिरातदारांना परत केली जाते, असे सांगण्यात येते. परंतु आपल्या खात्यातून गेलेला पैसा खरोखरच कोठे पोचला, हे पडताळण्याचे साधन एकट्यादुकट्या प्रकाशकाजवळ नसते.

कंपन्यांचाही एक युक्तिवाद आहे आणि तो टाकाऊ नाही. अवैध टिचकी ओळखण्याचे नियम उघड केले, तर ते चुकवण्याची युक्ती चोर दुसऱ्याच दिवशी शोधून काढतील. आर्कान्साच्या दाव्यात तज्ज्ञ म्हणून नेमलेले न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी गूगलचे उपाय वाजवी ठरवले. पण मूळ पेच त्यांनी नेमका दाखवून दिला. नियम सांगितले तर लबाडांचे फावते आणि न सांगितले तर आपल्याकडून पैसे योग्य तऱ्हेने घेतले जातात की नाही, हे जाहिरातदाराला कळू शकत नाही. जाहिरातदाराला लागू पडणारी ही गोष्ट प्रकाशकाला तर अधिकच लागू पडते.

प्रकाशकाच्या नावाचीही चोरी होते. ‘मेथबॉट’ नावाच्या टोळीने अमेरिकेतील डॅलस व अन्यत्र १,९०० हून अधिक सर्व्हर भाड्याने घेतले, ५,००० हून अधिक संकेतस्थळांची नावे वापरून बनावट पाने उभी केली आणि तेथे माणसांऐवजी यंत्रांकडून जाहिराती ‘बघवून’ घेतल्या. जाहिरातदारांचे ७० लाख डॉलरहून अधिक त्यात गेले. २०२१ मध्ये टोळीच्या म्होरक्याला अमेरिकी न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा दिली. आपल्या नावावर कोणी परस्पर पैसे मिळवत आहे, याची वार्ताही अशा वेळी खऱ्या प्रकाशकाला नसते. २०१७ पासून आपल्या जागा विकण्याचा अधिकार कोणाला आहे, याची यादी प्रकाशक स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करू लागले. हा उपाय साधा, पण उपयोगी आहे. कारण त्यात कोणीही पडताळून पाहू शकेल असा पुरावा आहे.

अ‍ॅडसेन्सने २०२४ च्या आरंभी टिचकीऐवजी जाहिरात दिसण्यावर मोबदला देण्याचा मार्ग धरला. त्यामुळे प्रश्न संपला असे नव्हे. टिचकी खोटी असू शकते, तशी भेटही खोटी असू शकते. माप बदलले, मापाडी तोच राहिला.

महाराष्ट्राला हा पेच अनोळखी नाही. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत आणि मालाचा धनी शेतकरी शेजारी नुसता उभा राही, अशी रीत आपल्या बाजारपेठांत दीर्घकाळ होती. १८८६ मध्ये वऱ्हाडात कारंजा येथे कापसाचा नियमित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये त्यासाठी कायदा आला. पुढे बाजार समित्यांत उघड लिलाव आणि परवानाधारक मापाडी आले. त्यांतही दोष राहिले. परंतु तराजू घेणाऱ्याच्या एकट्याच्या हाती नसावा, हे तत्त्व मान्य झाले. वृत्तपत्रसृष्टीनेही हेच केले. १९४८ मध्ये प्रकाशक, जाहिरातदार व जाहिरातसंस्था यांनी मिळून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था स्थापली आणि खपाचे आकडे सनदी लेखापालांकडून तपासून घेण्याचा प्रघात पाडला.

आज गरज आहे ती याच तत्त्वाची. गुपित न फोडताही त्रयस्थ लेखापरीक्षकाला ते दाखवता येते. खाते बंद करताना निदान दोषाचा प्रकार व कालावधी लेखी कळवावा, कापलेल्या रकमेचा हिशेब द्यावा आणि कंपनीबाहेरील लवादापुढे दाद मागण्याची सोय असावी, या मागण्या अवाजवी म्हणता येणार नाहीत. वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ च्या जानेवारीत गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. जाहिरातींच्या उत्पन्नाबाबत आपल्याला अंधारात ठेवले जाते, ही त्या तक्रारीतील एक मुख्य बाब होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी संघीय न्यायालयानेही प्रकाशकांच्या जाहिरात-व्यवहारातील गूगलची मक्तेदारी बेकायदेशीर ठरवली. मक्तेदारीचा खटला आणि टिचकीचा हिशेब या गोष्टी वेगळ्या असल्या, तरी त्यांचे मूळ एकच आहे. ज्याला दुसरे दुकान नाही, तो मापाबद्दल वाद घालू शकत नाही.

मोठी वृत्तसंस्था वकील लावील, वर्गणीदार मिळवील. परंतु तालुक्याच्या बातम्या, स्पर्धापरीक्षांच्या प्रश्नपत्रिका किंवा पिकांची माहिती मराठीतून देणारा एकटा प्रकाशक एका सकाळी आलेल्या चार ओळींच्या पत्राने बाजारातून उठतो. त्याच्याबरोबर त्याचे वाचकही काहीतरी गमावतात. त्याने चोरी केली असेल, तर ती सिद्ध व्हावी; केली नसेल, तर ते सांगण्यासाठी त्याला जागा असावी. एवढा न्याय आपण भाजीबाजारातही मागतो.